कोपऱ्यातली कुवेतची वेळ

८ जानेवारी

क्लिनिकचा जुना कंप्युटर अखेर मेला! डॉक्टरांनी जुहेबचा लॅपटॉप घेतला. जुहेब म्हणजे माझ्या नवऱ्याचा, लतीफचा, कुवेतचा रूम-पार्टनर, कायमचा परत आलाय. लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यातलं घड्याळ अडीच तास मागे. कुवेतचं! डॉक्टर म्हणाले, "वेळ आपली करून टाक." मी म्हटलं, व्हय.

केली नाय. नवरा आत्ता कामावर असेल, जेवत असेल की झोपला असेल, ते त्या कोपऱ्यात कळतं. भिंतीवर आपलं घड्याळ हायच की. कुणाचं काय अडतंय?

१२ जानेवारी

नव्या लॅपटॉपवर पहिलं होल्टर. पेशंट कोण, तर आमचे त्र्यंबक सर! आठवीला गणिताला होते. रोह्याहून पेणपर्यंत आले, का तर "आपली पोरगी तिथे हाय." सकाळी नदीकाठी फिरताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणे. केबलने लॅपटॉपला लावून डबी चालू केली, गळ्यात अडकवली, छातीला तारा चिकटवल्या. आता एक अख्खा दिवस ठोके टिपत राहील.

"बुजगावणं केलंस गो माझं!" म्हणाले. हसून हसून पुरेवाट.

१४ जानेवारी

सरांचा रिपोर्ट चांगला. ठोके मध्येच थांबल्यासारखे झालेत, पण पहाटे चारला. डॉक्टर म्हणाले, "गाढ झोपेत होतं असं. फिरायला गेलात तेव्हा एकदम ठणठणीत! बिनधास्त फिरा." सरांच्या बायकोने, वृंदाकाकूंनी, माझ्या हातावर तिळाचे लाडू ठेवले.

१७ जानेवारी

लतीफचा फोन नाय. कोपऱ्यात बघितलं — त्याची जेवणाची सुट्टीही संपली.

२० जानेवारी

अम्मी पडली. पहाटेची फजरची नमाज झाली, कुराण वाचून झालं, चहा ठेवायला उठली आणि धाडकन खाली! लतीफची अम्मी, पण या घरात मला धरून ठेवलं ते तिनेच. कपाळाला टेंगूळ. महिन्यात दुसऱ्यांदा.

२१ जानेवारी

अम्मीला घेऊन पेणला गेले. रोह्याला लागून आमचं गाव अष्टमी, तिथून निघायलाच उशीर, त्यात एसटी नागोठण्याला रखडली. अकरा वाजता होल्टर लावलं, माझ्याच हाताने. "गो, हे काढेपर्यंत अंघोळ नाय म्हणजे काय!" यावर भांडली. भांडते म्हणजे बरी हाय.

२२ जानेवारी

मशीन अंगावर असतानाच सकाळी सातला पुन्हा चक्कर. ओट्याला धरून उभी राहिली म्हणून वाचली. वाईट वाटायच्या आधी मला बरंच वाटलं — आता मशीनमध्ये सापडेल!

२३ जानेवारी

सापडलं नाय.

सातला ठोके नीट. मध्ये बंद पडल्यासारखे झालेत ते पहाटे साडेचारला. डॉक्टर म्हणाले, "झोपेतलं हाय, घाबरू नका. अशक्तपणा असेल. आणि मुलगा लांब असला की बायका मनाला लावून घेतात." अम्मी घरी आल्यावर म्हणाली, "मी उभी होते गो. झोपले नव्हते." मी म्हटलं, मशीन खोटं कसं बोलेल?

२५ जानेवारी

या अल्ला!

आज रिपोर्ट पुन्हा काढून बसले. पहिल्याच पानावर — मशीन लावल्याची वेळ, सकाळी साडेआठ. साडेआठला आम्ही अष्टमीतच होतो! अम्मी चप्पल शोधत होती!

डबी घेतली. लॅपटॉपला लावली, काढली. डबीवर कुवेतची वेळ. लॅपटॉपची वेळ बदलली, पुन्हा लावली — डबीवर आपली वेळ. म्हणजे केबल लागली की डबी लॅपटॉपची वेळ गपकन घेते. तो सांगेल ते खरं. एवढी वर्षं हे काम करते, कधी मनात आलं नाय, कारण कंप्युटर कधी चुकला नव्हता.

साडेचार आणि अडीच तास. सात. अम्मी ओट्याला धरून उभी होती आणि तिचं हृदय थांबत होतं. आणि मी तिला म्हटलं, मशीन खोटं कसं बोलेल!

डॉक्टरांना सगळं सांगितलं. कुवेतचं पण. चेहरा पांढरा पडला त्यांचा. ओरडले नायत. "आजच पनवेलला हलवा" एवढंच म्हणाले.

२६ जानेवारी

पनवेल. अम्मी आयसीयूत. बाहेर बाकड्यावर बसून नुसतं रडू येतंय.

२९ जानेवारी

पेसमेकर बसला. शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य — "बांगड्या कुठे ठेवल्यास?" लतीफ व्हिडिओ कॉलवर रडत होता. "तू होतीस म्हणून अम्मी वाचली." मी त्याला काय सांगणार? तुझी वेळ बघायची मला हौस होती म्हणून अम्मी मरत होती?

३१ जानेवारी

अम्मीला घरी आणलं. खिमट खाल्लं, मीठ कमी म्हणून बोलली. किती दिवसांनी नीट जेवले मी.

भांडी घासताना एकदम आठवलं. पहाटे चार आणि अडीच तास. साडेसहा, फिरायची वेळ. सर! अम्मीच्या धावपळीत ना मला सुचलं, ना डॉक्टरांना. आता फार उशीर झालाय, सकाळी उठल्या उठल्या फोन करते. घाईने पनवेलला पाठवलं पाहिजे.

१ फेब्रुवारी

फोन वृंदाकाकूंनी उचलला. सर गेले. अम्मीला मशीन लावलं त्याच सकाळी, नदीकाठी फिरताना. म्हणाल्या, "तुमच्याकडचा रिपोर्ट चांगला आला म्हणून शेवटचे दिवस अगदी निर्धास्त होते गो. सगळ्यांना सांगायचे, माझ्या विद्यार्थिनीने मशीन लावलं. उद्या तेरावा हाय, येशील ना?"

मी म्हटलं, व्हय.