खळ्यावरचा पंखा

आबा, तुमच्या त्या जतकडच्या पोरीला मी भेटले. तुम्ही गेलात हे तिला अजून माहीत नाही. बारा वर्षं झाली, तरी.

पोर म्हणजे आता दोन मुलांची आई आहे. पण माझ्या मनात ती पोरच होती, कारण तुमच्या बोलण्यातून ती आपल्या घरात आली ती याच नावानं. कवठे महांकाळचं आपलं स्वयंपाकघर. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, हातांना इंजिनाच्या तेलाचा वास. लष्करातून सुटून आल्यावर तुम्ही इंजिनं दुरुस्त करायचात आणि महिन्यातून दोनदा जतच्या त्या मेंढपाळांच्या वाडीवर जायचात. तिथं जुन्या ट्रकच्या डायनामोला लाकडी पाती लावून तुम्ही वाऱ्यावर फिरणारा पंखा उभा केला होता. त्यावर बॅटरी भरायची, बॅटरीवर एक दिवा लागायचा. "काय पोर हाय, लय धीट! खांबावर सरसर चढती, ग्रीस घालून खाली येती," तुम्ही म्हणालात. आई हसली, "मग आणा की तिलाच घरला." मी भाकरी अर्धी टाकून उठले. दुसऱ्या दिवशी तुमचा पाना हातात घेतला, तर तुम्ही तो काढून घेतलात. "ठेव त्यो. तुला शिकायचं हाय. हात घाण करायला मी हाय की." तुम्ही सगळ्यांना सांगायचात, माझी लेक पदवी घेणार. त्यातलं कौतुक मला कळायचं. पण मला पाना हवा होता.

पदवी घेतली, आबा. सांगलीला खोली घेऊन राहिले, पदार्थविज्ञान शिकले, आपल्या घरात पहिलीच. आता एका संस्थेत आहे. कोयनेची वीज कुठल्या कुठं गेली, पण ज्या वाड्यांवर खांब पोचले नाहीत तिथं आम्ही वाऱ्यावरची छोटी यंत्रं बसवतो. हे काम मी मनापासून करते, त्यात खोटं काही नाही. पण यादीत त्या वाडीचं नाव दिसलं तेव्हा ती वाडी मी मागून घेतली, ते तिला बघायला. आणि स्वतःला दाखवायला, असंही म्हणा.

शाळेची एक खोली आहे तिथं. दिवा तिथंच लावायचा होता, म्हणून यंत्र शाळेला खेटून उभं केलं. तार लांब झाली की तारेतच वीज वाया जाते, हे मी फळ्यावर काढून सगळ्यांना समजावलं. तुमची ती पोर मागं उभी होती, काखेत मूल; लग्नही वाडीतच झालेलं. म्हणाली, "बाई, हितं वारा न्हाई. टेकाड आडवं येतंय. खळ्यावर लावा, आमी जुंधळा तितंच उफणतो."

"खळं लांब आहे," मी म्हटलं. "तारेचं गणित जमत नाही."

"आसंल," ती म्हणाली आणि गेली.

चार दिवस पाती हलली नाहीत. खळ्यावर मात्र भुसा उडत होता, तो मला शाळेच्या दारातून दिसत होता. पाचव्या दिवशी ती शेणाची पाटी घेऊन जाताना थांबली. "तुमचा पंखा लाजतोय जणू," म्हणाली. मग सासूला कन्नडमधून काहीतरी सांगितलं आणि दोघी पोट धरून हसल्या. मीच मग विचारलं, पूर्वी कसं करत होतात? तर तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि माझी बॅटरी उचलून वर घेतली. "तार कशाला लांबवायची? बाटरी खांबाखालीच ठिवायची. भरली की डोईवर घिऊन यायची, दुसरी न्यायची. तेजाब सांडत न्हाई, पाण्याची घागर आणतो तशीच. मेस्त्रींनी बघितलं व्हतं, माझ्या घागरीतनं थेंब सांडत न्हाई, म्हून मलाच काम दिलं."

मेस्त्री म्हणजे तुम्ही. माझ्यातलं काय असं बघितलं होतंत, आबा?

यंत्र खळ्यावर हलवलं. फिरलं. खांबाला धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारा आवळायला वर चढायचं होतं. मी निम्म्या खांबापर्यंत गेले आणि खाली उतरले. ती चढली. वर बसूनच तिनं विचारलं, "बाई, तुमी कवठ्याच्या न्हवं? तितलं एक मेस्त्री व्हतं, इंजिनवालं. हायत का?" मी खालून ताणाची तार ओढून धरली. ती बोलत राहिली. तिच्या हातून पातं मोडलं होतं, त्याच्या पुढच्या फेरीपासून तुम्ही यायचं थांबलात. तिनं बाभळीचं नवं पातं तासून लावलं, तुम्हाला दाखवायचं म्हणून वाट पाहिली. पुढं डायनामोच जळला. "रागावलं आसतील. लय जपायचं त्या पात्यांला."

तुम्ही तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात होता. एका वाक्यात सांगून झालं असतं. मी म्हटलं, "माहीत नाही हो. मोठं गाव आहे."

संस्थेला अहवाल लिहिला: जागेची फेरनिवड केली. कुणी, ते लिहिलं नाही. ते अजून दुरुस्त करता येईल, आणि करीन. दुसरं मात्र जड जातं आहे. जतची बस रोज आपल्या फाट्यावरून जाते, आणि मी तीन आठवडे ती बघते आहे. तुम्ही रागावला नव्हता, हे तिला कळायला हवं, तिचा तो हक्क आहे. पण तुम्ही गेलात त्या दिवशी मी आईला धरून बसले होते, मला रडू आलं नव्हतं. सांगितलं तर ती खळ्यावर बसून मोठ्यानं रडेल, आणि ते मला बघवणार नाही.