दुखणं खड्याचं, शिक्षा कोपराला

माझ्या धाकटीस, थोरलीचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद (उजवा हात, डाव्याचं पुढे सांगते). तुझी तब्येत, खोकला आणि हट्ट तिन्ही जागच्या जागी असतीलच. मी बोलते आहे, सून लिहिते आहे. (हसू नको गं, लिही.)

तर माझा मुतखडा निघाला. टाके इतके सुबक, की तसे मी गिऱ्हाइकाच्या उशीलाही कधी घातले नाहीत. पण शुद्धीवर येते तो काय, डाव्या हाताची करंगळी आणि तिची शेजारीण, दोघी असून नसल्यासारख्या! कापड धरलं की निसटतं. डॉक्टरला विचारलं, बाबा रे, खडा कमरेत, माझ्या बोटांनी तुझं काय घोडं मारलं होतं? तर म्हणे, आजी, तीन तास एका कुशीवर होतात, कोपराची नस दबली. दोन-तीन महिन्यांत जाणीव परत येईल. येईल! माहेरी गेली आहे का ती?

अगं, झोपेत हाताला मुंग्या आल्या तर माणूस कूस बदलतं. भूल दिलेल्यानं काय करावं? त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी बघायला नको? कोपराखाली मऊ काही सारावं, हात ताणू नये, मधूनमधून चाचपून पाहावं. चाळीस वर्षं मी गावाच्या डोक्याखाली उशा दिल्या आणि माझ्या कोपराखाली साधी फडक्याची घडी नाही! भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी हे तोंडावर सुनावलं. बाईंनी निमूट ऐकून घेतलं.

रागानं अर्धी झालेली,
तुझी थोरली

ता. क. बाई अगदीच निमूट नव्हत्या. त्यांनी ऑपरेशनआधी मला विचारून भरलेला कागद वाचून दाखवला. ‘खांदा, कोपर, हातपाय, कुठे दुखतं, मुंग्या येतात? उत्तर: छे.’ आता दोन वर्षं त्या कोपरातून कळ येते खरी. पण समोर जावई उभा, त्याच्यादेखत म्हातारी कोण म्हणवून घेईल?

आणखी एक. गुरुवारी तू त्याच टेबलावर जाणार, आणि तुझं ऑपरेशन पाय वर बांधून करतात म्हणे. तुझा उजवा खुबा उघडत नाही. पाय लांब करून बसतेस आणि ‘मला असंच आवडतं’ म्हणतेस, ती थाप मी गेली दहा वर्षं खपवून घेतली. बाईंना आधी खरं सांग.

शेवटचं. तू सांगणार नाहीस, हे मी ओळखून आहे. म्हणून सुनेनं इथवरचं पत्र उतरवून बाईंना कालच नेऊन दिलं; हे शेवटचं आज जोडते आहे. रागव हवी तेवढी. पण दोन्ही पायांवर उभी राहून रागव.