टेपवर न आलेला डावा हात

बाबा,

आज बुधवार, कार्तिक वद्य द्वितीया. सकाळी धान कापणाऱ्या बायांना शेतावर पोचवून आलो. दुपारी धाकट्या भावाचा मुलगा बायको-लेकरांसह चामोर्शीहून जेवायला आला. दर वर्षी तुमच्या तिथीला लावतो तशी त्याने तुमच्या मृदंगाची कॅसेट लावली. ऐकून सगळे छान म्हणाले. मीही म्हणालो. चार वाजता ते गेले, आणि आता घरात मी एकटा आहे.

तुम्हाला ती मंडईची, दिवाळीनंतरच्या जत्रेची दुपार आठवत असेल. आपला जिल्हा तेव्हा चांदा होता. मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत नुकताच कारकून लागलो होतो आणि दिवाळीच्या सुटीवर आलो होतो. नागपूरचे ते साहेब जीपमधून टेपचं यंत्र घेऊन दंडार, आपला नाच-गाण्याचा खेळ, भरायला आले. आई चुलीजवळ कणिक भिजवत होती. गहू आपल्या घरी मृदंगापुरताच यायचा. डाव्या पुडीच्या कातड्यावर ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय तिचा खोल घुमारा उठत नसे. आई म्हणायची, "लेकरं भात खातेत, अन् ह्यांचा मृदंग पोळी खाऊन राह्यला." तुम्ही हसून गोळा उचलून न्यायचात.

साहेबांनी माइक लोखंडी दांड्यावर जमिनीत रोवला. नाचणारे उतरले तशी त्यांच्या पायांची धमक जमिनीतून दांड्यात चढायला लागली. गाण्याचा एक शब्द कळेना. साहेबांनी यंत्रावरची एक कळ फिरवली. ही कळ खालचे जड आवाज कापते, असं त्यांनी मला समजावलं. धमक गेली, शब्द स्वच्छ झाले. एक गाणं भरल्यावर त्यांनी ते कानाला लावून ऐकायला दिलं. आधी गाणाऱ्या काकांनी ऐकलं आणि ते खूश झाले. मग तुम्ही ऐकलं. ऐकून झाल्यावर साहेबांकडे वळून म्हणालात,

"साहेब, माहा डावा हात कुठी गेला?"

साहेब भले होते. त्यांनी लपवलं नाही. पायांची धमक आणि तुमचा घुमारा एकाच पट्टीतले, एक कापलं की दुसरं जाणारच. नाचणाऱ्यांना बसवलं तर कळ उघडी ठेवता येईल, मृदंग पुरा येईल, असं ते म्हणाले. सगळे तुमच्याकडे बघत होते. नाचणाऱ्यांत आपल्या दंडारीतली पोरं होती, महिनाभर तालीम केलेली. त्यांच्यातला एक तर म्हणालाही, बसतो ना भाऊ, तुमचा हात येऊ द्या.

तुम्ही म्हणालात, "नाचणारे बसले तं दंडार कायची? कापा साहेब."

आणि अख्खी दुपार दोन्ही हातांनी वाजवलंत. डावा टेपवर जाणार नाही हे माहीत असून एक थापही हलकी मारली नाही. पोरं नाचली, पण टेपवर त्यांचे पायही नाहीत. नुसते घुंगरू आहेत, आणि तुमचा उजवा हात, डब्यावर काडी वाजवल्यासारखा. पुढच्या वर्षी कार्तिकातच तुम्ही गेलात. त्याच टेपवरून पुढे ही कॅसेट उतरवली, दुसरं काही भरलेलं राहिलं नाही.

पुतण्याच्या यंत्राला जड आवाज वाढवायचं एक बटण आहे. आज त्याने ते शेवटपर्यंत फिरवून पाहिलं. नुसती घरघर वाढली. जे टेपने घेतलंच नाही ते कुठून येणार? तो म्हणाला, "मोठे बाबा, तुम्ही तं ऐकलं होतं ना. कसा होता घुमारा?"

मी सांगितलं, भरल्या तळ्यात मोठा धोंडा पडावा तसा. त्याला ते पटलं. गेल्या वर्षीही मी हेच सांगितलं होतं.

बाबा, हे मी कोणाला सांगत नाही. तो घुमारा मला आता आठवत नाही. डोळे मिटले की तुमचा डावा हात पुडीवर पडताना दिसतो, कणिक दबलेलीही दिसते, पण आवाज येतो तो कॅसेटमधला. त्यातून मागे जायला वाटच सापडत नाही. त्या दुपारी जे होते त्यांच्यातला मी शेवटचा. मंडईत अजून मृदंग वाजतो, लोक बोलवायला येतात. पाय दुखतात म्हणून सांगतो. दुसऱ्याचा घुमारा ऐकला तर तोच तुमचा समजून बसेन, ही भीती आहे.

अंधार पडायला आला. बाहेर दोरीवर धोतर वाळत आहे, दव पडायच्या आत काढून आणतो.