लेहच्या वासराला तीट

परंडा, मंगळवार

कॉलेजची मैत्रीण वैशाली लेहला याकच्या नवजात वासरांवर संशोधन करतेय. सकाळी तिनं मांडीवरच्या वासराचा फोटो पाठवला. विरळ हवेत आपल्याकडच्या वासराच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या जन्मल्यावरही आवळलेल्याच राहतात, हृदय थकतं. याकच्या सैलावतात. कॉलेजात हे तिला समजावलं कुणी? मीच! अन् मी इथं शेळ्यांची डॉक्टर.

दुपारी शांताबाईंच्या शेळीचं नुकतं जन्मलेलं करडू श्वास घेईना. नाकात काडी फिरवली, तसं शिंकलं. वैशालीला दाखवायला मोबाईल काढला, तर शांताबाई आडव्या आल्या. "फोटो नका काढू डॉक्टरीणबाई, दृष्ट लागंल." करडाला काजळाची तीटही लावली.

वासराचा तो फोटो आज कितीदा उघडला मी? आताही उघडाच आहे. तिथं त्याला तीट लावायला कुणी असंल का?