जोड्यांवरचा धूर

यवतमाळ, ता. १२ जानेवारी १९३१

चि. सौ. गौरीस अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, याची लाज वाटते. शाळेची तपासणी हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. तू नानांचा फोटो मागितला होतास आणि तो जमत नव्हता.

स्टुडिओत बसायला ते तयार नाहीत. म्हणतात, बाप पोरीच्या भिंतीवर मेल्यावर चढते, आत्ता कायले? म्हणून मी बाजाराच्या रस्त्याचाच फोटो घेतला. सोबत पाठवतो. यंदा सरकी काढायच्या जिनासमोर कापसाच्या गाड्यांची रांग नाही, त्यामुळे लोकांना उभे राहायला भरपूर वेळ. कॅमेऱ्याची काच उघडी असेपर्यंत हलू नका म्हटल्यावर पंजाबराव पानवाल्यापासून बैलापर्यंत सगळे लग्नातल्यासारखे ताठ झाले. एकटे नाना हातवारे करत कापसाच्या भावावर बोलत राहिले. त्यांचे जोडे स्पष्ट आले, वर हलत्या अंगाचा नुसता धूर.

लोभ कमी करू नकोस.

तुझा दादा, नीळकंठ

ढाणकी, ता. २० जानेवारी १९३१

ती. दादांस गौरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोटो पोचला. बैल फारच देखणा आला आहे. पण मला वडील हवे होते. धूर आमच्या चुलीला पुष्कळ आहे.

वर्ष होऊन गेले, नाना इकडे फिरकले नाहीत. कापूस धरून ठेवा, असे त्यांनी ह्यांना सांगितले आणि भाव बसला, तेव्हापासून. ह्यांना राग नाही. म्हणतात, भाव का मामाजीनं पाडला? उलट जेवताना नानांच्या नकला करून मुलांना हसवतात. नाना येत नसतील तर त्यांचे तोंड तरी पाहू दे. गप्प करायचे तर ज्याला उत्तर नाही असे काही विचार. लहानपणी आपण तेच करायचो.

माया आहेच, ती फोटोत उतरव.

तुझी गौरी

यवतमाळ, ता. ३ फेब्रुवारी १९३१

चि. सौ. गौरीस आशीर्वाद.

तुझी युक्ती चालली. नाना पानाच्या दुकानासमोर रंगात आले होते. कॅमेऱ्याचे झाकण काढतानाच मी विचारले, ढाणकीला केव्हा जाता? ते गप्प झाले. पंजाबरावही सुपारी कातरायचा थांबला. चेहरा अगदी स्वच्छ आला. पण दुखवून मिळवलेला; पाठवावा की नाही, हे ठरेना. शेवटी त्यांनाच दाखवला आणि तुझे रामराव त्यांच्या नकला करतात, हेही सांगितले.

बराच वेळ पाहून म्हणाले, असं थोबाड पोरीले पाठवून राह्यला का तू? मग विचारले, जावई नक्कल करते त कशी करते? मला येत नाही म्हणालो. तर म्हणाले, मंग मलेच पाहा लागन.

म्हणून या पाकिटात फोटो नाही. राग मानू नकोस, आहे तो लोभ वाढू दे.

तुझा दादा, नीळकंठ

ता. क. माझे उद्याचे काम: ढाणकीला यायला शनिवारच्या उमरखेड मोटारीत नानांसाठी जागा सांगून ठेवणे.