पोट लहान करण्याआधी

प्रिय मिशारी,

काल हेसाचा फोन आला. तुझ्या या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे, तरी डॉक्टरकडे जाताना तू तिलाच सोबत नेलंस. म्हणजे बातमी माझ्यापर्यंत पोचावी असं तुलाही कुठेतरी वाटत असणार. येत्या रविवारी तू तक्मीम करून घेतोयस. जठराचा मोठा भाग कापून काढणार आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवणार, माझं झालं होतं तेच. तेव्हा तू माझ्या खाटेशेजारी खुर्चीत अवघडून बसला होतास. आता मी इथे रुमैथियात, भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर बसून तुला लिहितेय. फोन केला असता, पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. तब्येत कशी, धुळीचं वादळ तिकडेही होतं का, बरं, ठेवते. आपण वेगळे राहायला लागल्यापासून याच्या पुढे गाडी कधी सरकली नाही.

मी ते ऑपरेशन कसं करून घेतलं होतं आठवतं? माझ्या तिघी चुलत बहिणी एकाच सर्जनकडे एका मोसमात जाऊन आल्या, लग्नाचे कपडे एकाच शिंप्याकडे टाकावेत तशा. शाळेच्या शिक्षक-खोलीत तर नवी बाई रुजू झाली की कुठला विषय शिकवतेस याआधी सगळ्याजणी विचारायच्या, तुझं ऑपरेशन कुणी केलं? मीच एकटी जाडी उरले होते. मग मीही गेले. डॉक्टर बिचारे समजावून सांगत होते आणि मी मनातल्या मनात निळा झगा शिवत होते. विचारायला हवं होतं ते काही विचारलं नाही. तू तरी विचार. कापलेला भाग परत येत नाही, मिशारी. नंतर वाटलं म्हणून उसवता येईल अशी ती शिवण नाही.

तुला रात्री छातीत जळजळतं, उशा रचून झोपतोस, हे तू डॉक्टरांना सांगितलंस का? नसणारच सांगितलं. पुरुषांना आपली दुखणी चारचौघात काढायची लाज. पण ज्यांना आधीच आंबट पाणी वर येतं त्यांचा त्रास तक्मीमनंतर वाढू शकतो. अशांना कधीकधी बायपास नावाचं दुसरं ऑपरेशन सुचवतात, त्यात आतड्याची वाट बदलतात. तुझ्यासाठी कुठलं बरं, ते माझ्यासारख्या भूगोलाच्या बाईनं ठरवायचं नाही, पण त्यांच्यापासून लपवू नकोस. घोरता घोरता तुझा श्वास मध्येच थांबतो हेही सांग. मी शेजारी जागी राहून तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघायचे, म्हणून मला माहीत आहे. भूल देण्याआधी त्याची तपासणी करावी लागते. आणि दिवानियात, त्या पुरुषांच्या रोजच्या बैठकीत, ओढतोस तो हुक्का सोडावा लागेल. ऑपरेशनच्या दिवसापुरता नाही, पुष्कळ आधीपासून. तो तू अजून ओढतोस असं हेसा म्हणाली.

नंतरचं सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. सगळ्याजणी फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवतात. सुरुवातीला नुसती पातळ पेज, तीही घोटाघोटानं. जेवताना पाणी नाही. एक घास घाईत गेला की छातीत दगड बसल्यासारखं होतं आणि उठून पळावं लागतं. आधी मांस, अंडं, दही खायचं, भाताला जागा उरली तर भात. आणि तू तर भाताशिवाय जेवणाला जेवण म्हणत नाहीस. माझे केस मूठमूठ गेले, नंतर आले. रक्त कमी झालं, कारण जीवनसत्त्वाच्या गोळ्या मी कंटाळून बंद केल्या होत्या. त्या जन्मभर घ्यायच्या असतात, आणि रक्ताची तपासणीही जन्मभर. पहिल्या रमजानला मी डॉक्टरांना न विचारता रोजे धरले. एवढंसं पोट, दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि इफ्तारला एकदम पिता येत नाही. तिसऱ्या दिवशी सलाईन लावायची वेळ आली. तेव्हा तू मशिदीतल्या शेख हमूदना फोन लावून विचारलंस आणि ते म्हणाले, आजाऱ्याला सूट आहे, बाईंना आधी पाणी पाजा. मला किती राग आला होता. सगळं घर उपाशी आणि मी एकटी स्वयंपाकघरात पाणी पीत बसले होते.

वजन उतरलं, हे खरंच. साखर ताळ्यावर आली, गुडघे दुखायचे थांबले, शाळेचे जिने मी न थांबता चढते. ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही. माझ्यावर त्याचे उपकार आहेत. पण थोडं वजन परत आलं, कारण पोट लहान केलं तरी मन पूर्वीएवढंच खायला मागतं. माझी मधली चुलत बहीण पुन्हा होती तेवढी झाली. ती रोज गोड चहा आणि मिल्कशेक पीत बसायची, आणि पातळ पदार्थाला लहान पोट अडवत नाही. आता आठवड्यातून एकदा घ्यायच्या, भूक मारणाऱ्या इंजेक्शनांची लाट आली आहे. शाळेतल्या अन्वारनं घेतली, पहिले दिवस मळमळून बेजार झाली, पण वीस किलो उतरली आणि साखरही सुधारली. मग तिनं आपल्या मनानं बंद केली, तर भूक दुप्पट होऊन परत आली. आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा चालू आहे. पोटात काही महिने फुगा ठेवतात तेही आहे. आणि नुसतं आहारतज्ज्ञाकडे जाणं, उन्हाळ्यात मॉलमध्ये आणि थंडीत समुद्राकाठी चालणं, हेही आहे. तुझ्या वजनाला तेवढं पुरेल की नाही ते डॉक्टर सांगतील, पण विचारशील तर सांगतील ना.

आता जे कुठलाच डॉक्टर सांगत नाही ते. आपण दोघं कशामुळे जवळ आलो? खाण्यामुळेच. आपल्याला मूल झालं नाही, तरी आपलं ताट कधी ओकं वाटलं नाही. मधोमध मजबूसची परात ठेवायची, अलीकडे मी, पलीकडे तू. तू हाडाजवळचं मऊ मांस बोटांनी सोडवून माझ्या बाजूच्या भातावर ठेवायचास. तोंडानं तू कधी काही बोलला नाहीस. तेच तुझं बोलणं होतं. ऑपरेशननंतरही तू ठेवत राहिलास आणि माझ्या पोटात जागा नसायची. एका शुक्रवारी तुझ्या आईच्या घरी, सगळ्यांसमोर, मी तो तुकडा उचलून तुझ्या बाजूला परत ठेवला. तुझं पोट भरावं एवढंच माझ्या मनात होतं. परातीवरचे सगळे हात थांबले. तुझी आई मला काही बोलली नाही, तुला म्हणाली, "मिशारी, तुझ्या हातचा घास हिला आता नकोसा झाला रे." तू हसून साजरं केलंस. पण त्या दिवसानंतर माझ्या बाजूला मांस ठेवलं नाहीस.

मग तू दिवानियात जेवायला लागलास. मला वाटलं, मी तीन घासांत उठते म्हणून तुला माझ्यासमोर बसून खायला संकोच वाटतो. मी ओट्यापाशी उभ्यानं वाटीभर दही खायचे. परात फळीवर चढली ती चढलीच. सगळे म्हणायचे, लुलवा किती सुंदर दिसतेस, आणि घरात मला बघायला कुणी नसायचं. मी आईच्या आजारपणाचं निमित्त करून इकडे आले. आई गेली, तरी मी राहिले. तू बोलवायला आला नाहीस आणि मी विचारलं नाही. इथे भावाची मुलं वर येतात, दंगा करून जातात, आणि मग मी टीव्हीचा आवाज वाढवून जेवते. फार एकटं वाटतं, मिशारी. हे मी आजवर कुणालाच म्हटलेलं नाही.

आणि हे सगळं आजच का लिहितेय तर, हेसानं फोन ठेवता ठेवता आणखी एक गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन का करायचंय? तिला वाटलं तू साखरेचं सांगशील, श्वासाचं सांगशील. तू म्हणालास, "माझी बायको या देहाला कंटाळून गेली. बारीक झालो तर येईल." हेसा रडत होती, मला तर रडूही आलं नाही. मिशारी, तुझ्या देहाला मी एक दिवसही कंटाळले नाही. समोर तू बसेनासा झालास म्हणून मी गेले. तुला साखरेसाठी, श्वासासाठी, तुझ्या स्वतःसाठी पोट कापून घ्यायचं असेल तर घे, मी खाटेशेजारी बसेन. इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर दर आठवड्याला आठवण करीन. पण मला परत आणायला म्हणून त्यातला एक तुकडाही कापू देऊ नकोस. त्यासाठी एवढं करायची गरज नव्हती, नुसतं ये म्हणायचं होतंस. ते तू म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हणते. शुक्रवारी दुपारी मी घरी येतेय. त्या दिवशी दिवानियात जाऊ नकोस.

अजूनही तुझीच,
लुलवा