फोनमधली चित्रं आणि सुके बोंबील

आये, जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात फोन हा प्रकारच नव्हता. आता बोईसरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो आणि धड फोन एकच, माझा. नवऱ्याचा बटणांचा आहे, तो कारखान्यात नेतो. तू पाटी डोक्यावर घेऊन चिंचणीच्या बाजारात बसायचीस. मी नवापूरहून दादाकडचे सुके बोंबील आणते, त्यांचे फोटो काढते आणि कॉलनीतल्या बायकांना पाठवते. घरबसल्या माल खपतो. खोटं वाटतंय ना तुला?

त्याच फोनवर तुझी नात चित्रं काढते. बारावीला आहे. चित्रकलेच्या सरांनी मुलांना घरी काढायला एक ॲप सांगितलं, सगळं फुकट. कागद नको, ब्रश नको, चुकलं तर बोटाने मागे जायचं. पहिल्या दिवशी तिने काचेवर ओला निळा रंग पसरून दाखवला आणि मी बोट लावून पाहिलं, लागतो का! पोरगी हसून लोळली. मी तीनतीनदा विचारलं, "खरंच फुकट हाय?" "हो गं मम्मी, सगळं फुकट." फुकट ते पौष्टिक म्हणत मीही खूश झाले. दोन वर्षं ती काढत होती. ओहोटीला कलंडलेल्या होड्या, खाडीतून डोक्यावर पाट्या घेऊन येणाऱ्या बायका, आणि एक तू. तुझा एकुलता फोटो काळापांढरा, म्हणून लुगड्याचा रंग तिने मला विचारून भरला होता. मुंबईच्या कला महाविद्यालयात प्रवेशाला ही चित्रं पुढच्या महिन्यात दाखवायची आहेत. तेवढ्याच जोरावर तिला घ्यायचं की नाही ते ठरणार.

गेल्या मंगळवारी बोंबलांचे फोटो निघेनात. फोन म्हणतो, जागा नाही. बायका खोळंबलेल्या. मी एकेक गोष्ट काढत गेले, आणि सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेलं दिसलं ते तिचं ॲप. मला वाटलं, हा नुसता रंगांचा डबा. डबा फेकला म्हणून भिंतीवरचं चित्र थोडंच जातं? शिवाय फुकटचा डबा, संध्याकाळी परत घेऊ. काढून टाकला. बोंबलांचे फोटो काय झकास आले! दुपारी मी स्वतःच तो डबा परत घेतला, उघडला, आणि आत पांढरं. नुसतं पांढरं. चित्रं डब्याच्या आतच राहतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आये, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. मी तो पुन्हा पुन्हा बंद करून उघडत राहिले. गॅसवरची आमटी करपली, तिचा वाससुद्धा मला आला नाही.

आणि तेव्हा तू आठवलीस. मी आठ-नऊ वर्षांची आहे. मासळी वाळवायचं खळं नुकतं शेणाने सारवलंय आणि मी चुन्याने त्यावर अख्खी होडी काढलीय, आत सगळा गाव बसवलाय. तू ओल्या जवळ्याची पाटी घेऊन येतेस आणि खाली न बघता पसरतेस. मी भोकाड पसरते. तू म्हणतेस, "चितार खायचाय काय? ऊन थांबणार हाय तुज्यासाठी? जवळा कुजला तं?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. खरं सांगू का, मनातून पुढे कधीच नीट बोलले नाही. रविवारी तू रंगीत खडू आणलेस ते मी शेजारच्या पोरींना वाटून टाकले. माझ्या पोरीशी मी असं कधी वागणार नाही, अशी मिजास होती मला. वागले. मासळीसाठीच वागले.

ती क्लासमधून आली, फोन उघडला आणि जमिनीवरच बसली. ओरडली नाही. "मम्मी, सगळं गेलं." माझ्या तोंडातून निघून गेलं, "फोनच जुना हाय, आपोआप झालं असंल." मी काय बोलले हे मला बोलून झाल्यावर कळलं. तिने ‘हो’ म्हणून मान हलवली. वर मलाच म्हणाली, "तू नको रडू."

आता ती पुन्हा काढते आहे. सहा झाली. कॉपी सरांकडे ठेवते, पण रोज कॉलेजला जाताना फोन माझ्या हातात देते आणि बजावते, "दुसऱ्या कोणाला देऊ नको हां. तुझ्याकडे असला की मला भीती नाय." मी हो म्हणते. रोज हो म्हणते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही ते मला कळतं. पण फाडवतही नाही, म्हणून पिठाच्या डब्याखाली सरकवते आहे. ते ॲप कोणी काढून टाकलं ते यात लिहिलंय, आणि पोरगी पिठाला हात लावत नाही.